मापाची मर्यादा

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि शरीर न उघडता आत पाहणे शक्य झाले. परंतु पाहणे निराळे आणि मोजणे निराळे. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या छेदचित्रण यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. या चित्रणात प्रत्येक बिंदूला आकडा मिळतो. पाणी शून्य व हवा उणे १००० मानणारी ही मोजपट्टी हाउन्सफील्ड यांच्याच नावाने ओळखली जाते. आकडा दिसला की मनुष्याचा विश्वास बसतो. सावधपणाची गरज नेमकी तेथेच असते.

समजा, फुफ्फुसातील एका गाठीचा व्यास १० मिलिमीटर भरला आणि तीन महिन्यांनी ११ मिलिमीटर. गोल गाठीचा व्यास एक दशांशाने वाढल्यास तिचे घनफळ सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. तेव्हा हा फरक क्षुल्लक नव्हे. पण तो खरा आहे काय? तीच गाठ त्याच दिवशी पुन्हा मोजली, तरी श्वासाचे कमीअधिक होणे, छेदाची जाडी आणि कडा ठरविणाऱ्याची नजर यांमुळे माप थोडे बदलते. अशा मापांचे प्रमाण विचलन अर्धा मिलिमीटर असेल, तर मुळीच न वाढलेल्या गाठीच्या दोन मापांतही सुमारे १.४ मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. शंभरांपैकी पाचच वेळा तो याहून अधिक असेल. म्हणजे एका मिलिमीटरवरून गाठ वाढली असे सिद्ध होत नाही, आणि वाढली नाही असेही नाही.

चुकीचा दुसरा प्रकार तराजूच्या पासंगासारखा असतो. एक यंत्र दुसऱ्याहून नेहमी दोन मिलिमीटर अधिक दाखवीत असले, तरी दोहोंच्या आकड्यांतील सहसंबंध पूर्ण दिसेल. सहसंबंध म्हणजे एकवाक्यता नव्हे, हे ब्लांड व ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली स्पष्ट केले. म्हणून रुग्णाची पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच पद्धतीने व्हावी. स्थिर पासंग वजाबाकीत निघून जातो.

कर्करोगाच्या उपचारांचा परिणाम ठरविण्यासाठी २००९ साली सुधारलेल्या ‘रेसिस्ट’ निकषांनी हा विवेक दाखविला आहे. मोजलेल्या गाठींच्या व्यासांची बेरीज २० टक्क्यांनी, शिवाय किमान ५ मिलिमीटरने वाढल्याखेरीज त्या गाठी वाढल्या असे तेथे मानीत नाहीत.

हाच विवेक रोजच्या अहवालातही उतरला पाहिजे. प्रत्येक मापाशेजारी त्याची अनिश्चितता छापावी. यामुळे रुग्ण गोंधळेल, असा आक्षेप घेतला जातो. परंतु खोट्या निश्चितीपायी अनावश्यक शस्त्रक्रिया होणे किंवा गुणकारी औषध सोडले जाणे, ही हानी गोंधळाहून फार मोठी आहे. आपली मर्यादा सांगणारे माप दुबळे ठरत नाही. उलट तेच विश्वासास पात्र होते.