टिपूचं चित्र आणि आसईची वाट

टिपू सुलतानाचा फोटो स्टेटसला ठेवला म्हणून आपल्याकडे गावं पेटतात. जून २०२३ मध्ये कोल्हापूरने ते पाहिलं. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातली पोरंही विचारतात, "टिपू आपला की त्यांचा?" मी त्यांना एक चित्र दाखवतो.

डेव्हिड विल्की या स्कॉटिश चित्रकाराचं ते तैलचित्र, १८३९ सालचं, अकरा फुटांहून उंच. ४ मे १७९९ च्या संध्याकाळी श्रीरंगपट्टण पडलं. कंदिलाच्या उजेडात टिपूचा देह सापडला आहे आणि वर जनरल बेअर्ड दिमाखात उभा आहे. त्याच्या पायाखाली तळघराची जाळी आहे, कारण याच शहरात तो ४४ महिने कैदेत होता. चित्र काढून घेतलं बेअर्डच्या विधवेने. विल्कीने हिंदुस्थान कधी पाहिलाच नव्हता.

थोडक्यात, आपल्या सुलतानाचं मरण त्यांच्या घरच्या अभिमानासाठी रंगवलं गेलं.

पण त्या शहराचा कारभार बेअर्डला मिळाला नाही, आर्थर वेलस्लीला मिळाला. चारच वर्षांनी हा वेलस्ली आपल्या दारात आला. २३ सप्टेंबर १८०३ ला आसईत त्याने शिंदे-भोसल्यांना हरवलं, २९ नोव्हेंबरला आडगावात पुन्हा. आसई आज जालना जिल्ह्यात, आडगाव अकोल्यात. दोन्ही आमच्या जिल्ह्याच्या शेजारी.

१७९२ मध्ये टिपूला नमवायला इंग्रजांबरोबर पेशवे होते आणि निजामही. १७९९ मध्येही निजामाची फौज इंग्रजांकडेच होती. ही धर्माची लढाई होती, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? १७९१ मध्ये मराठी फौजेतल्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, तेव्हा मठाला मदत टिपूने पाठवली. त्याच टिपूने कोडगू आणि मलबारमध्ये जुलूमही केले. आपण मुसलमानांनी तेही मोकळेपणाने मान्य करावं. राजाला वली बनवायची गरज नाही.

म्हणून पोरांना माझं सांगणं एवढंच: स्टेटस बदलण्याआधी एकदा आसईला जाऊन या. आपल्या हिंदू मित्राला सोबत घ्या. श्रीरंगपट्टणची हार आणि आसईची हार वेगळी नव्हती. एक पडला तेव्हा दुसऱ्याला वाटलं, आपण वाचलो. तेवढी समज आली, तरी पुष्कळ झालं.