एक घंटी आली की थांबायचं

या आठवड्यात मला संताप आला तो एका पीडीएफचा. माझी वैमानिक भाची दुबईतल्या एका मोठ्या विमान कंपनीच्या निवडप्रक्रियेत शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचली आहे आणि तयारीसाठी आमच्याकडे पुण्याला येऊन राहिली आहे. तिच्याबरोबर अर्ज केलेल्या एका मुलाने तिला ही फाइल धाडली. एका क्लासने ती त्याला भरपूर पैसे घेऊन विकलेली. आत मुलाखतीत येणारे प्रश्न आणि त्यांची तयार उत्तरं. ‘कॅप्टनशी तुमचा कधी मतभेद झाला का? तेव्हा तुम्ही काय केलंत?’ या प्रश्नाखाली एक अख्खी गोष्ट दिली आहे. रात्रीची वेळ, पाऊस, कॅप्टन थकलेले, मी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं, उतरल्यावर त्यांनी माझे आभार मानले. आणि शेवटी सूचना: विमानतळाचं नाव आपापलं घालावं.

आपापलं घालावं! पाऊस क्लासचा, कॅप्टन क्लासचा, शहाणपण क्लासचं, आणि हे सगळं सांगणारा मुलगा उद्या साडेतीनशे माणसं पाठीशी घेऊन उडणार. क्लासांबद्दलचं माझं मत या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचापर्यंत मी एकवेळ गप्प बसेन. तिथे फार तर गुण खोटे ठरतात. इथे मुलाला स्वतःच्या आयुष्यात घडलेलं विसरायला शिकवताहेत.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडे परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि दोनशे तासांचं उड्डाण झालं की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. कॅप्टन होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो त्याला दीड हजार तास हवेत. परदेशी कंपन्या आधी हे तास आणि कागद तपासतात, मग संगणकावरच्या चाचण्या, गटात बसवून दिलेलं एखादं काम, सिम्युलेटर, आणि शेवटी मुलाखत. समोर सहसा एक मनुष्यबळ विभागाचा माणूस आणि एक मुरलेला कॅप्टन. निवड झाली तरी लगेच निघता येत नाही. डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, 2017 साली नोकरी सोडण्याच्या नोटिशीची मुदत वाढवली, ती सह-वैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला पूर्ण वर्ष.

तयारी पाहायची तर आमच्या घरी या. ज्या विमानाच्या सिम्युलेटरवर परीक्षा आहे त्याचं कॉकपिट कागदावर छापून तिने भिंतीला चिकटवलंय. समोर खुर्ची टाकून बसते, डोळे मिटते आणि हात बरोबर त्या त्या बटणावर नेते. इंजिन बंद पडलं, आग लागली, हवेचा दाब गेला, सगळं त्या कागदावर. सकाळच्या चहाला तोंडी हिशेब. तीस हजार फूट खाली यायचंय, किती आधी निघायचं? हजार फुटांना तीन नॉटिकल मैल, म्हणजे नव्वद. धावपट्टीकडे 140 नॉट वेगाने येताना मिनिटाला किती उतरायचं? वेगाचं निम्मं, त्याची दहापट, सातशे फूट. माझी आई पावकी, निमकी, दिडकी पाठ असलेल्या पिढीतली. वयाच्या ऐंशीत तिला नातीच्या अभ्यासात हातभार लावण्यासारखं काहीतरी सापडलंय आणि ती पोहे परततानाही आकडे विचारते.

या सगळ्याबद्दल मला काळजी नाही. अडलं ते त्या मतभेदाच्या प्रश्नावर. तू काय सांगणार, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मावशी, माझ्याकडे खरी गोष्ट आहे. पण सांगू नकोस म्हणतात.” कोण म्हणतात? एक तर क्लासवाले. सीनियरची तक्रार केल्यासारखं वाटेल, नकारात्मक दिसशील, आपली छापील गोष्ट बरी. दुसरे तिचे काका. त्यांचा फोन मीच उचलला होता. “तिला सांगा, साहेब लोक म्हणतील त्याला हो म्हण. उलटून बोलू नकोस. परक्या मुलखात जायचंय.” काकांची माया मला कळते, पण हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही.

तिची गोष्ट अशी. पावसाळ्यातला दिवस, ढगांतून उतरणं चाललेलं, विमान कॅप्टनच्या हातात. नियम असा की ढगांतून येताना जमिनीपासून हजार फुटांवर विमान स्थिर झालेलं हवं: ठरलेला वेग, ठरलेला उतार, चाकं आणि फ्लॅप खाली. नसेल तर उतरणं सोडून पुन्हा वर जायचं, याला गो अराउंड म्हणतात. त्या दिवशी वेग जास्त होता. तिने “स्पीड” म्हणून सांगितलं. कॅप्टन म्हणाले, कमी करतोय. हजार फूट आले, वेग तसाच. कॅप्टन तिच्या वडिलांच्या वयाचे, तिला ज्यांनी खूप शिकवलं असे. ती म्हणाली, “सर, अनस्टेबल. गो अराउंड.” क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग कॅप्टननी थ्रस्ट लिव्हर पुढे ढकलले आणि विमान वर गेलं. दुसऱ्या खेपेला नीट उतरले. पार्किंग ब्रेक लावल्यावर ते एवढंच म्हणाले, “बोललीस ते चांगलं केलंस. असंच बोलत जा.”

ही गोष्ट लपवायची? यात तक्रार कुठे आहे? यात एक सह-वैमानिक आहे जिने वेळेवर तोंड उघडलं, आणि एक मोठ्या मनाचा कॅप्टन आहे ज्याने ऐकलं. मला तर त्या कॅप्टनांच्या पाया पडावंसं वाटतं.

हा प्रश्न मुलाखतीत येतो तो उगाच नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, 583 माणसं गेली. उड्डाणासाठी धावू लागलेल्या केएलएमच्या विमानात फ्लाइट इंजिनिअरने शंका काढली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून अजून हटलं नसेल तर? कॅप्टन म्हणजे कंपनीचे नावाजलेले प्रशिक्षक. त्यांनी शंका उडवून लावली आणि पुन्हा कुणी बोललं नाही. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत पोर्टलंडजवळ युनायटेडचं डीसी-8 इंधन संपून पडलं, दहा जण गेले. कॅप्टन चाकांच्या बिघाडात गुंतले होते. इंधन संपत आल्याचं सोबतचे सांगत होते, पण ठणकावून कुणी सांगितलं नाही. त्यानंतर 1979 मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली आणि तिथून आज जगभर वैमानिकांना सक्तीचं असलेलं सीआरएमचं, म्हणजे क्रू रिसोर्स मॅनेजमेंटचं, प्रशिक्षण उभं राहिलं. कॉकपिटमध्ये कनिष्ठाने कसं बोलायचं आणि वरिष्ठाने कसं ऐकायचं, हा त्याचा गाभा. आपल्याकडचं उदाहरण मंगळूरचं. 22 मे 2010, दुबईहून आलेलं विमान, 158 मृत्यू. सह-वैमानिकाने गो अराउंड म्हटलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. चौकशी अहवालात ते नोंदलेलं आहे.

म्हणून समोर बसलेला तो कॅप्टन हा प्रश्न विचारतो. उद्या ही मुलगी माझ्या शेजारी बसली आणि माझं चुकलं, तर ही बोलेल का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं.

रविवारी भावोजी आले, भाचीचे वडील. ते कराड डेपोला एसटीचे चालक होते, आता निवृत्त. लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी शेत तारण ठेवलेलं आहे. बोलणं कमी. काकांचा फोन, क्लासचा सल्ला, सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, “आमच्या गाडीत दोन घंट्या आल्या की निघायचं, एक आली की थांबायचं. कंडक्टर काल लागलेला पोरगा असेना का. घाटात असो, रात्री असो, मागून एक घंटी आली की पाय ब्रेकवर. का वाजवली ते गाडी थांबल्यावर विचारायचं. दारात म्हातारी लटकलेली असते, ती मला आरशात दिसतेच असं नाही.” मग लेकीकडे वळून, “तू घंटी वाजवलीस. साहेबाने गाडी थांबवली. हे सांगायला लाज कसली?”

क्लासच्या अख्ख्या पीडीएफपेक्षा हे बोलणं मला मोलाचं वाटलं.

मग ती म्हणाली, “बाबा, घरात मात्र तुम्हाला कुणी कधी थांबवलं नाही.” तिला वैमानिक व्हायचंय हे वडिलांना सांगायची तिची छाती झाली नव्हती, आजीकरवी निरोप गेला होता. भावोजींनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, “खरं आहे. भीत होतीस का?” ती हो म्हणाली. ते म्हणाले, “आता नको भिऊ.” बापलेकीचं असं बोलणं मी आमच्या घरात पहिल्यांदाच ऐकलं.

आपल्या बहुतेक घरांत हेच आहे. वडील बोलत असताना मूल बोललं तर ते आगाऊ ठरतं. शाळेत सरांचं गणित फळ्यावर चुकलं तरी वर्ग ते तसंच उतरवून घेतो. वीस-बावीस वर्षं असं वाढवलेल्या मुलाला आपण कॉकपिटमध्ये बसवतो आणि पाऊण मिनिटात त्याने आपल्या गुरूला थांबवावं अशी अपेक्षा धरतो. माझ्या भाचीला ते जमलं, याचं श्रेय तिच्या प्रशिक्षकांना आणि त्या कॅप्टनना आहे. आम्हा घरच्यांना ते घेता येणार नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रविवारी दुपारी भावोजी पॅनेल झाले. तिने गोष्ट सांगितली, तेही क्रमाने: काय परिस्थिती होती, माझं काम काय होतं, मी काय केलं, पुढे काय झालं. त्यांनी विचारलं, दुसऱ्यांदाही जमलं नसतं तर? ती म्हणाली, पर्यायी विमानतळ ठरलेला होता, तिथे पोहोचून वर थोडा वेळ थांबता येईल एवढं इंधन होतं, आणि तिने आकडा सांगितला. वारा कुठून होता? तेही सांगितलं. वर गेल्यावर आधी काय केलंस? हात आपोआप भिंतीवरच्या कागदाकडे गेला. छापील गोष्ट पाठ केलेला मुलगा इथे गप्प होईल. त्या पावसात तो नव्हताच, तर इंधन किती होतं हे त्याला कुठून आठवणार? त्या मुलाचंही मला वाईट वाटतं. इतके तास उडलाय, म्हणजे त्याच्याकडेही स्वतःची गोष्ट असणारच. ती त्याला कुणी विचारलेलीच नाही.

म्हणून एक विनंती. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे इथे मुलं विमान उडवायला शिकतात. त्यांतली पुष्कळ अशा घरांतून येतात जिथे वैमानिक म्हणजे काय हे कुणालाच माहीत नसतं, आणि मुलाखतीच्या वेळी ती क्लासांच्या हाती सापडतात. पुणे, मुंबई, ठाणे, नागपुरात निवृत्त कॅप्टन राहतात. तुमच्यापैकी कुणाला रविवारचा तासभर काढता आला तर अशा एखाद्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि विचारा, वरिष्ठाला तू कधी थांबवलंस? उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नका. फी घेऊ नका. ज्यांची तयारी आहे त्यांनी या सदराच्या पत्त्यावर नाव आणि गाव कळवावं. मुलांशी गाठ घालून देण्याचं काम मी करीन.