पगार, मानधन आणि त्याग

अलीकडे आपल्याकडे एका नव्या जातीच्या त्यागी पुरुषाचा उदय झाला आहे. हा पुरुष (क्वचित स्त्रीही) एखाद्या बड्या कंपनीत बारा-पंधरा वर्षे काढतो, मुंबईत नाहीतर पुण्यात घर घेतो, त्याचे कर्ज फेडतो, मुलांच्या शिक्षणाची तजवीज करतो आणि मग एके दिवशी राजीनामा देऊन एखाद्या सामाजिक संस्थेत रुजू होतो. लगेच त्याच्या मुलाखती छापून येतात. महाविद्यालयांतून त्याची व्याख्याने होतात. ‘लाखो रुपयांच्या पगारावर पाणी सोडून’ हे शब्द त्याच्या नावाआधी पदवीसारखे लागतात. संस्थेत जाऊन त्याने काय केले हे मात्र बहुधा शेवटच्या चार ओळींत उरकलेले असते. त्याने काय सोडले, यातच आपले सारे कुतूहल संपते.

माझी तक्रार या माणसाविरुद्ध नाही. तो येतो हे चांगलेच आहे. हिशेब चोख ठेवणे, खरेदीत फसगत होऊ न देणे, नोंदी वेळच्या वेळी करणे या गोष्टी आपल्या अनेक संस्थांना आजही नीट जमत नाहीत, आणि गबाळेपणाला साधेपणा म्हणवून घेण्याची आपली खोड जुनी आहे. माझी तक्रार आहे ती ‘त्याग’ या शब्दाविरुद्ध. समजा, एक गृहस्थ तीन लाखांची नोकरी सोडून संस्थेत एका लाखावर आले. ते त्यागी ठरले. त्याच संस्थेत एक कार्यकर्ती पंधरा वर्षे वस्त्यावस्त्यांतून हिंडते आहे आणि महिना दहा हजार घेते आहे. तिला कोणी त्यागी म्हणत नाही. तिने सोडले काय? सोडण्याजोगे तिच्यापाशी कधी काही नव्हतेच! म्हणजे पुण्यही ज्याच्या गाठी मुळात होते त्यालाच लाभायचे, असा हा हिशेब आहे.

यावर कोणी गोखले-आगरकरांची परंपरा पुढे करील. खुशाल करावी, पण ती परंपरा काय होती ते नीट पाहावे. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी वीस वर्षे काम करायचे आणि महिना ७५ रुपये घ्यायचे, असा नियम होता. नियम होता, हे महत्त्वाचे. कोण कोणती मोठी नोकरी नाकारून आला याचा हिशेब मांडून कुणाचे शंभर आणि कुणाचे चाळीस, असे ठरत नव्हते. आणि या साध्या नियमावरूनही तिथे केवढे रण माजले! बाहेरची कामे करावीत की नाहीत, वरची प्राप्ती आपली समजावी की संस्थेची, हा वाद विकोपाला गेला आणि १८९० मध्ये टिळक बाहेर पडले. इतरही कारणे होती, हे खरे. पण पैशाचा प्रश्न त्या पिढीने भावनेच्या पदराआड झाकला नाही. तो टेबलावर मांडला आणि त्यावर कडाकडा भांडण केले. आपण काय करतो? एकाच छपराखाली एकाला बाजारभावाशी नाते सांगणारा पगार देतो, दुसरीला ‘मानधन’ देतो, आणि दोघांनाही सेवक म्हणतो.

मानधन! काय गोड शब्द शोधून काढला आहे. पगार म्हटला की भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली, उपदान आले. मानधन म्हटले की नुसता मान आला. हा शब्द सरकारने अंगणवाडी सेविकांना लावला, आशांना लावला, आणि संस्थांनी तो आनंदाने उचलला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा लाभ मिळाला पाहिजे, असे सांगितले आणि त्यांना मिळते ते मानधन त्या कायद्यापुरते वेतनच ठरवले. पुढच्याच महिन्यात भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले. त्याआधी एकच वर्ष, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर गेल्या होत्या. जगाने नमस्कार करायचा आणि घरच्यांनी हात आखडता घ्यायचा, असा हा मामला आहे.

आता त्या नव्या गृहस्थांना संस्था एवढ्या अगत्याने का बोलावते, तेही पाहू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाने मोठ्या कंपन्यांवर मागल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्चण्याची जबाबदारी टाकली. एप्रिल २०१४ पासून हा पैसा वाहू लागला. तो आणायचा तर कंपनीची भाषा बोलणारा माणूस हवा. म्हणजे ज्याने कंपनी सोडली म्हणून आपण हार घालतो, त्याचे पुष्कळसे काम कंपनीच्या दिवाणखान्यात बसूनच चालते. फरक एवढाच की तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. यात लाजिरवाणे काही नाही. पण याला संन्यास म्हणू नये.

तिकडून तो नुसता पैसा आणत नाही, तिमाहीही आणतो. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात शाळेचा उपक्रम चालू आहे असे धरा. दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. कोयता घेऊन नवरा-बायको जातात, कित्येकदा मुलेही जातात. वस्तीवर म्हातारी माणसे उरतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तक्त्यात मुलांची हजेरी कोसळते. कार्यालयातून विचारणा येते : लक्ष्य का गाठले नाही? कार्यकर्तीला कारण ठाऊक असते. कुठले पोर आजीपाशी ठेवता येईल, कुठला मुकादम ऐकून घेईल, कुणाच्या घरी उचल फिटली नाही म्हणून थोरल्या मुलीलाही न्यावेच लागेल, हे सारे तिला तोंडपाठ असते. पण तक्त्यात त्याला रकाना नाही. मग ती उत्तर देते ते रकान्यात मावेल तेवढेच. तिचे पंधरा वर्षांचे शिक्षण त्या गृहस्थांनी सहा महिने तिच्या मागे हिंडून घेतले, तर त्यांच्या अनुभवाचे सोने होईल. पण त्यागी माणसाला शिकाऊ उमेदवार कोण म्हणणार? तो आला तोच गुरू होऊन.

‘पगार चांगले दिले तर नको ती माणसे येतील’ असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. गंमत अशी की हा आक्षेप वरच्या पगाराबद्दल कधी ऐकू येत नाही. वरच्या जागेसाठी ‘चांगली माणसे हवीत तर मोजावे लागते’ आणि खालच्या जागेसाठी ‘कामाची तळमळ हवी’! तळमळीने किराणा येत असता तर दुकानदारांनी तसा फलक लावला असता.

आपल्या विश्वस्त संस्था दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब पाठवतात. त्यात ‘आस्थापना खर्च’ म्हणून एक रक्कम असते. कायदा आणखी काही मागो वा न मागो, संस्थांनी आपल्या वार्षिक अहवालात त्या रकमेखाली दोनच आकडे आपणहून छापावेत : संस्थेतला सर्वांत मोठा पगार आणि सर्वांत लहान. आणि नव्या गृहस्थांनी नेमणुकीच्या पत्रावर सही करण्याआधी त्यातला दुसरा आकडा विचारून घ्यावा.