ओळीला ओळ लावून हिशेब जुळत नाही

जीएसटीचा २बी उतारा आला की खरेदी वहीशी जुळवावाच लागतो. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलावर कराची वजावट मिळत नाही. नुकसान रोख आहे.

घरातली मुले सी भाषा शिकतात. दोन्ही याद्या टेक्स्ट फाइलीत उतरवून हे काम त्यांच्याकडून करवावे, असे आम्हांस वाटते. एफगेट्सने दोन्हीकडून एकेक ओळ उचलायची, स्ट्रकॉम्पने ताडायची, शून्य आले की ओळ सारखी, एवढे पुस्तकात असते. पण सूतवाल्याचे एक बिल उताऱ्यात नसले की तिथून खालची प्रत्येक ओळ चुकीची दिसते. एक तागा सुटला आणि सारी गाठ खोटी ठरली! म्हणून दोन्ही याद्या आधी पुरवठादाराचा जीएसटी नंबर व बिल नंबर या क्रमाने लावाव्यात. दोन ओळींत जी क्रमाने आधीची, ती दुसऱ्या यादीत नाही असे छापून फक्त तीच यादी पुढे सरकवावी. नंबर जुळले तर रक्कम पाहावी. ओळीच्या शेवटची मोकळी जागाही छाटावी, नाहीतर एकाच बिलाची दोन बिले होतात.

मुनीमजी कुरकुरतील. सुटलेल्या बिलांचा कागद त्यांच्याच हाती द्यावा आणि त्याच दिवशी पुरवठादाराला फोन लावायला सांगावे.