चढाची गाडी आणि उताराची गाडी

मोटार विकत घेण्याच्या बाबतींत कोणी आमचा सल्ला घ्यावा असें आमच्या अंगीं कांहीं नाहीं. आयुष्य मुलांना शब्दरूपें आणि त्रैराशिक शिकविण्यांत गेलें, आणि स्वतःचें वाहन म्हणाल तर एक सायकल. तथापि 2024 च्या ऑक्टोबरांत आमच्या पुतणीनें अमेरिकेंतून फोन करून आम्हांसच पंच नेमलें. "काका, तुम्हांला गणित येतें आणि गाडीचा मोह नाहीं, आमच्या घरांत दोन्ही गोष्टी एका माणसांत नाहींत," असें तिचें म्हणणें. जांवईबापू शेजारींच बसले असावेत, कारण पाठीमागून हंसण्याचा आवाज आला.

पुतणी राहते तें डुलुथ शहर मिनेसोटा राज्यांत, सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाशीं, टेकडीच्या उतरणीवर वसलेलें आहे. रस्ते वरून थेट पाण्याकडे उतरतात. हिचें घर वर, आणि जेथें ती काम करते तें इस्पितळ खालीं. आदल्या हिवाळ्यांत एका सकाळीं, मुलगा मागच्या बैठकीवर असतांना, तिची जुनी गाडी ब्रेक दाबूनहि थांबली नाहीं व घसरत चौक ओलांडून पलीकडे गेली. आडवें कोणी आलें नाहीं, एवढेंच. हें तिनें आईला कळविलें नव्हतें, नातवानें कळविलें. तेव्हांपासून थोरल्या वहिनी फोन वाजला कीं आधीं देवघराकडे पाहतात.

वाद होता टोयोटाच्या कॅमरी गाडीचा. 2025 सालाकरितां ही गाडी नव्या घडणीची निघाली. पूर्वी तींत साधें चार सिलिंडरचें एंजिन, सहा सिलिंडरचें 301 अश्वशक्तीचें एंजिन, किंवा पेट्रोल आणि वीज यांचा संयोग, अशी निवड असे. आतां ती निवड संपली. अडीच लिटरचें एकच एंजिन, जोडीला विजेच्या मोटारी व बॅटरी. गिऱ्हाइकानें ठरवावयाचें तें इतकेंच कीं पुढचीं दोन चाकें ओढणारी घ्यावी कीं चारहि. जांवईबापूंचें मन जुन्या सहा सिलिंडरांत अडकलें होतें. तसली वापरलेली गाडी स्वस्तांत मिळत होती. पुतणीचा हट्ट चार चाकांचा.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलों, आणि पहिल्याच ओळीला अडलों. एंजिन 184 अश्वशक्तीचें, पुढची विजेची मोटार 134 ची, बेरीज 318. कंपनी मात्र सांगते 225! वर्गांत असें उत्तर आलें असतें तर आम्हीं कान धरला असता. विचार करतां उलगडा झाला तो असा, कीं मोटारीचें सामर्थ्य कितीहि असो, तिला वीज पुरवील ती बॅटरी. आणि बॅटरी लहान. घरांत जेवणारे दहा असले तरी पातेल्यांत भात असेल तेवढाच वाढतां येतो. म्हणूनच मागच्या चाकांना आणखी एक मोटार जोडूनहि आंकडा 225 वरून 232 वर जातो, अवघ्या सातानें. एंजिन व मोटार यांचा मेळ घालणाऱ्या दंतचक्रांच्या रचनेला ग्रहमाला म्हणतात: मध्यें सूर्यचक्र, भोंवतीं ग्रह, बाहेर वलय. ज्यानें हें नांव ठेविलें त्याला आमचा नमस्कार.

परंतु त्या सातासाठीं मागची मोटार नाहींच. बैलगाडी घाटांत अडली म्हणजे मागून दोन माणसें चाकाला हात लावतात. त्यांच्या बळानें गाडी पळत नाहीं, पण जागची हलते. चढावर गाडीचा भार मागें सरकतो, पुढचीं चाकें हलकीं होऊन बर्फावर नुसतीं फिरूं लागतात, आणि नेमकीं तेव्हां भाराखालचीं मागचीं चाकें उपयोगीं पडतात. 2020 पासून 2024 पर्यंतच्या चार-चाकी कॅमरींत यासाठीं पुढून मागें लोखंडी दांडा घातलेला असे, आणि तो साध्या एंजिनालाच मिळे; सहा सिलिंडर घेणाऱ्याला मिळत नसे. आतां दांडा गेला. मागें फक्त तार जाते. पेट्रोलचा भुर्दंडहि नगण्य. साध्यांतल्या साध्या नमुन्यांत एका अमेरिकन गॅलनला 51 मैलांच्या जागीं 50. म्हणजे 301 अश्वशक्ति दोनच चाकांतून बर्फावर ओतण्यापेक्षां पुतणीचा पक्ष बळकट, असा आमचा निकाल. तो ऐकून ती प्रसन्न झाली.

निकालाचा उत्तरार्ध मात्र तिला रुचला नाहीं. आम्हीं विचारलें, "त्या सकाळीं तूं चढत होतीस कीं उतरत होतीस?" क्षणभर कोणी बोललें नाहीं. उतरतांना एंजिनाचें काम नसतें. थांबविण्याचें काम ब्रेकांचें, आणि ब्रेक प्रत्येक मोटारीला चारहि चाकांना असतातच. ब्रेकाला आधार द्यावयाचा तो रबरानें. बारमाही टायरांचें रबर पारा सातआठ अंशांच्या खालीं गेला कीं ताठरतें, हिवाळी टायरांचें मऊ राहतें. कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत 1 डिसेंबरपासून 15 मार्चपर्यंत हिवाळी टायर कायद्यानेंच सक्तीचे आहेत. मिनेसोटांत ज्याच्या त्याच्या अकलेवर सोपविलेलें आहे. चार चाकांचा जादा आकार सुमारे पंधराशें डॉलर, आणि हिवाळी टायरांचा लोखंडी चाकांसह संच थोड्याफार फरकानें तेवढाच. पैसे एकदांच असतील तर आधीं टायर, असें आम्हीं बजाविलें. चार-चाकी गाडी जोरानें निघते, आणि निघाली तशी थांबेलहि असा भ्रम उत्पन्न करते. आम्हांला तिची भीति वाटते ती एवढ्यासाठींच.

शेवटीं दोन्ही घेतलीं. त्यासाठीं जांवईबापूंना कांचेच्या छताचा आणि 19 इंची मोठ्या चाकांचा नाद सोडावा लागला. 16 इंची चाकांची साधी गाडी आली. मोठ्या चाकांना टायरहि महाग, हें त्यांच्या गळीं उतरविण्यास आम्हांस तीन फोन लागले. डिसेंबरांत एके दिवशीं आमच्याकडे सायंकाळ असतां फोन वाजला. वहिनी देवघराकडे वळल्या. पुतणी म्हणाली, "काका, इस्पितळाच्या दारांत उभी आहें. चौकांत थांबलें. जेथें थांबावयाचें तेथेंच थांबलें." पाठीमागून कोणीतरी तिला आंत बोलावीत होतें, म्हणून तिनें फोन ठेवला.