शेक, करंट आणि दहा दिवस

हातात एमआरआयची पिशवी, कमरेला पट्टा आणि चेहऱ्यावर धास्ती. खुर्चीवर टेकायच्या आधीच रुग्ण सांगतो, "नस दबलीय. गादी सरकलीय म्हणाले." त्यानंतरच्या दहा मिनिटांत आपण काय विचारतो, काय तपासतो आणि काय सांगतो, यावर त्याचे पुढचे तीन महिने बरेचसे ठरतात. नेमके तिथेच आपण, फिजिओथेरपिस्ट म्हणून, कमी पडत आहोत.

अनेक दवाखान्यांत ती दहा मिनिटे होतच नाहीत. थेट टेबल दाखवले जाते. दहा दिवस शेक, करंट आणि वजन, शेवटच्या दिवशी व्यायामाचा छापील कागद. बरे वाटले तर श्रेय मशीनला. नाही वाटले तर रुग्ण सर्जनसमोर बसून सांगतो, "फिजिओथेरपी करून झाली, काही फरक नाही." त्याला फिजिओथेरपी मिळालेलीच नसते, तरी फाइलमध्ये मात्र ती अयशस्वी म्हणून नोंदली जाते. या नोंदीचे मला फार वाईट वाटते.

मिक्स्टर आणि बार यांनी 1934 मध्ये सरकलेल्या चकतीचा आणि सायटिकाचा संबंध दाखवला, तेव्हापासून 'दाब' हे चित्र सगळ्यांच्या मनात पक्के बसले. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. चकतीतला गर बाहेर आला की नसेच्या मुळाभोवती दाह होतो. वेदनेचा मोठा भाग या दाहाचा असतो आणि तो ओसरतो. बाहेर आलेला तुकडाही अनेकदा शरीर स्वतःच शोषून घेते. 1994 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात कंबर न दुखणाऱ्या 98 जणांचे एमआरआय काढले, तर निम्म्याहून अधिक लोकांत फुगलेली चकती सापडली. म्हणून चित्र आणि तपासणी जुळली तरच त्या चित्राला अर्थ. पायाच्या अंगठ्याची ताकद, अँकल जर्क, सरळ पाय उचलल्यावर चमक कुठपर्यंत जाते, हे पाहायला मशीन लागत नाही.

शस्त्रक्रियेला शत्रू मानण्याचेही कारण नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या गटाची वेदना, आधी थांबून पाहणाऱ्या गटापेक्षा, लवकर कमी झाली. वर्षअखेरीस दोन्ही गटांतले सुमारे 95 टक्के रुग्ण बरे वाटत असल्याचे सांगत होते. थांबलेल्या गटातल्या 39 टक्के लोकांनी मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. हे आकडे रुग्णापुढे जसेच्या तसे ठेवावेत. निसर्ग बरे करत असताना माणसाला हलते ठेवणे, त्याची भीती घालवणे आणि ताकद टिकवणे हे आपले काम, आणि ते लहान नाही.

रॉबिन मॅकेन्झी यांची गोष्ट आपण कॉलेजात ऐकलेली असते. 1956 मध्ये वेलिंग्टनमधल्या त्यांच्या दवाखान्यात एक रुग्ण चुकून, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत, पालथा पडून राहिला आणि त्याची पायातली वेदना नाहीशी झाली. त्यातून व्यायामाचा एक प्रकार उचलून तो सरसकट सगळ्यांना देणे हा त्या गोष्टीचा अपमान आहे. घ्यायचे ते एवढेच, की प्रत्येक हालचालीनंतर वेदना कुठे गेली हे विचारायचे. पोटरीतली चमक मांडीत आली, मांडीतली कमरेत आली, तर दिशा बरोबर. पण हे आधी सांगून ठेवले नाही तर रुग्ण दुसऱ्या दिवशी घाबरून फोन करतो, "पाय बरा आहे, पण कंबर जास्त दुखतेय," आणि व्यायाम सोडून देतो. एका वाक्याअभावी चांगली चाललेली वाट बंद होते.

"वाकू नका, खाली बसू नका, वजन उचलू नका." हा आपला ठरलेला उपदेश. भात लावणाऱ्या, चुलीपुढे बसणाऱ्या, डोक्यावर हंडा घेणाऱ्या बाईने यातले नेमके काय पाळायचे? पहिले काही दिवस काय टाळायचे ते सांगा, पण त्याच कागदावर केव्हा आणि किती सुरू करायचे तेही लिहा. झोपून राहिल्याने सायटिका लवकर बरी होत नाही, हे 1999 पासून चाचणीने सिद्ध आहे.

आणि काही प्रश्न लाज बाजूला ठेवून विचारायलाच हवेत. लघवी अडते का? शौचाच्या जागेभोवती बधिर लागते का? चालताना चप्पल पायातून निसटते का? मान दुखणाऱ्याला विचारा, शर्टाचे बटण लावायला त्रास होतो का, अंधारात तोल जातो का. यांतल्या कशालाही उत्तर 'हो' आले, तर त्या दिवशी वजन लावू नका, शेकही देऊ नका. लघवी अडली असेल तर रुग्णाला त्याच तासाला रुग्णालयात पाठवा.

या महिन्यापासून प्रत्येक सहकाऱ्याने एक करावे, ही विनंती. पहिल्या दिवशी अंगठ्याची किंवा हाताची ताकद, बधिर भाग आणि वेदना कुठपर्यंत जाते हे लिहून ठेवा, दर आठवड्याला पुन्हा तपासा. आणि सर्जनकडे पाठवायची वेळ आली तर त्या नोंदींची चिठ्ठी रुग्णाच्या हातात द्या.