फळाचा गुण आणि ताटाचे दारिद्र्य

कोणत्याही शहरातील मोठ्या रुग्णालयाच्या दाराशी फळविक्रेत्यांची एक रांग हमखास आढळते. मोसंबी, सफरचंदे, डाळिंबे आणि शहाळी यांचे ढीग तेथे रचलेले असतात. आजाऱ्याला भेटावयास रिकाम्या हाताने जाणे अप्रशस्त मानले जात असल्यामुळे त्यांचा खपही चांगला होतो. या प्रघातातील विसंगती मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या घरात धडधाकट मुलाच्या ताटात आठवडेच्या आठवडे फळाची फोड पडत नाही, त्याच घरातून आजारी नातलगासाठी पिशवीभर फळे जातात. आणि पुष्कळदा ती पिशवी ज्याच्या उशाशी ठेवली जाते, त्याला डॉक्टरांनी नेमके तेच फळ वर्ज्य केलेले असते. मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यापुढे शहाळे आणि केळी, किंवा मधुमेह्यापुढे वाटीभर आमरस, ही दृश्ये मुळीच दुर्मीळ नाहीत.

आपल्याकडे फळ हे उपवासाचे, आजाऱ्याचे आणि पाहुण्याचे. रोजच्या जेवणाचे ते पुरतेपणी कधी झालेच नाही. फळांच्या गुणदोषांची आज जी उदंड चर्चा चालते, तिच्या मुळाशी हीच समजूत आहे. जे नित्याचे नसते, त्याच्याविषयी मनुष्य एकतर अवाजवी भक्ती बाळगतो किंवा अवाजवी भीती.

भक्तीचे ताजे उदाहरण म्हणजे परदेशी बेरीफळे. मोठ्या शहरांतील दुकानांतून रास्पबेरी, ब्लूबेरी इत्यादी फळे प्लॅस्टिकच्या चिमुकल्या डब्यांतून मांडलेली दिसतात. एका डबीच्या किमतीत हंगामातील पेरू किलोच्या मापाने घरी येतील. तरीही ती घेतली जातात, कारण ती कर्करोगापासून विस्मरणापर्यंत सर्व व्याधींवर गुणकारी असल्याचे कोणीतरी सांगितलेले असते.

रास्पबेरी हे चांगले फळ आहे, यात वाद नाही. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषणकोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम रास्पबेरीत सुमारे ६.५ ग्रॅम तंतुमय चोथा असतो, साखर ४ ते ५ ग्रॅमच असते आणि क जीवनसत्त्व सुमारे २६ मिलिग्रॅम मिळते. आता त्याच कोष्टकांत पेरू पाहावा. त्यात चोथा सुमारे ५.४ ग्रॅम आणि क जीवनसत्त्व सुमारे २२८ मिलिग्रॅम, म्हणजे रास्पबेरीच्या आठपटींहून अधिक. ज्याला आपण पथ्याचा राजा मानतो, त्या सफरचंदात हे जीवनसत्त्व ५ मिलिग्रॅमही नसते. रास्पबेरीला रंग देणारी अँथोसायनिन वर्गातील द्रव्ये जांभळातही विपुल आहेत. जांभूळ खाल्ल्यावर निळी पडणारी जीभ ही त्याचीच साक्ष होय. फळाची किंमत आणि फळाचे पोषणमूल्य यांचा परस्परसंबंध किती सैल असतो, हे यावरून दिसून येईल. किंमत ठरते ती दुर्मीळता, वाहतूक, शीतगृह आणि प्रतिष्ठा यांवरून. शरीराला यांपैकी कशाचीच ओळख नसते.

बेरीफळांच्या माहात्म्याचा आधार असलेल्या 'प्रतिऑक्सिडीकारक क्षमते'ची कथाही उद्बोधक आहे. परीक्षानळीत मोजलेल्या या क्षमतेची एक लांबलचक यादी अमेरिकी कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. व्यापाऱ्यांनी त्या आकड्यांचा जाहिरातीसाठी सर्रास वापर आरंभला. परीक्षानळीतील आकड्यावरून मानवी शरीरातील परिणाम सांगता येत नाही, हे मान्य करून त्या खात्याने २०१२ मध्ये ती यादीच मागे घेतली. यादी गेली, जाहिरात राहिली.

धोक्याची दुसरी बाजू

फळे म्हणजे निर्दोष अमृत असाही समज नको. १९९६ मध्ये अमेरिका आणि कॅनडा येथे अतिसाराची मोठी साथ पसरली आणि १,४६५ रुग्णांची नोंद झाली. सायक्लोस्पोरा नावाच्या सूक्ष्म परोपजीवीने ही साथ घडविली होती आणि तिचा माग ग्वाटेमालाहून आलेल्या ताज्या रास्पबेरीपर्यंत पोहोचला. हे फळ इतके नाजूक असते, की ते चोळून धुता येत नाही आणि त्याच्या खाचाखोचांतून दूषित पाण्याचा अंश टिकून राहतो. श्रीमंत देशातील सजवलेल्या डबीतूनही रोग येऊ शकतो, तो असा.

काही धोके फळात नसतात, तर खाणाऱ्याच्या प्रकृतीत असतात. कमरख हे पंचकोनी आंबटगोड फळ निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. पण मूत्रपिंड निकामी झालेल्याला त्यातील विषद्रव्य बाहेर टाकता येत नाही आणि उचकी, संभ्रम, झटके येथपासून मृत्यूपर्यंत मजल जाऊ शकते. ग्रेपफ्रूटचा रस रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण धोकादायक रीतीने वाढवितो. मधुमेहाविषयी तर अधिकच विवेक हवा, कारण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली आहे. अशा रोग्याला फळ सरसकट वर्ज्य नाही. प्रश्न मात्रेचा आणि रूपाचा आहे. अमेरिकेतील दीर्घकालीन निरीक्षणांवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सबंध फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचा संभव कमी, तर फळांचा रस नित्य पिणाऱ्यांत तो अधिक आढळला. चोथा गाळून टाकला की फळाचे निम्मे शहाणपण गाळले जाते आणि पेल्यात उरते ती मुख्यतः साखर. आजाऱ्याला 'ताकदीसाठी' गाळलेला रस पाजण्याची आपली रीत या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

लिचीने दिलेला धडा

परंतु या साऱ्या उदाहरणांहून अंतःकरणाला भिडणारे उदाहरण आपल्याच देशातील आहे. बिहारमधील मुझफ्फरपूर हा जिल्हा लिचीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे लिचीच्या हंगामात लहान मुले पहाटे एकाएकी झटके येऊन बेशुद्ध पडत आणि त्यांतील कित्येक दगावत. २०१४ च्या हंगामात तेथील दोन रुग्णालयांत ३९० मुले दाखल झाली आणि त्यांपैकी १२२ मरण पावली. भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून केलेला याविषयीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिचीत, विशेषतः कच्च्या लिचीत, असणारी काही द्रव्ये उपाशी शरीराला साखर तयार करू देत नाहीत, असे त्यात दाखविण्यात आले. दिवसभर बागेत पडलेली लिची खाऊन रात्री न जेवता झोपी गेलेल्या मुलांना हा धोका सर्वाधिक होता. मुलांना रात्री जेवल्याशिवाय झोपू देऊ नये आणि आजारी मुलाची रक्तशर्करा तत्काळ सावरावी, हा त्यावरचा उपाय. उपाय इतका सोपा असूनही २०१९ मध्ये त्याच जिल्ह्यात तसल्याच आजाराने शंभराहून अधिक मुले पुन्हा दगावली.

लिची तर मुंबई-दिल्लीतील सुखवस्तू घरांतील मुलेही खातात. त्यांना काही होत नाही, कारण ती रात्री पोटभर जेवलेली असतात. मुझफ्फरपुरातील त्या मुलांच्या यकृतात राखीव साखरेचा साठाच नव्हता. तेव्हा त्यांना मारले ते लिचीने की उपासमारीने? वैद्यकाच्या परिभाषेत उत्तर काहीही असो, अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते स्पष्ट आहे. फळाचा गुण आणि दोष फळाच्या नावात नसतो. ते कोणत्या ताटात पडते, यावर तो ठरतो. भरल्या ताटात जे फळ गोडी वाढविते, तेच रिकाम्या ताटात काळ बनून येते.

हाच न्याय उलट दिशेनेही लागू पडतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षीण आढळल्या. महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्याहून अधिक होते. आपल्या भाकरी-भाजीत लोह असते, पण वनस्पतिजन्य लोह शरीर मोठ्या कष्टाने शोषून घेते. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असेल, तर हे शोषण लक्षणीय वाढते. म्हणजे पालेभाजी-भाकरीबरोबर खाल्लेला अर्धा पेरू, एक आवळा किंवा पिळलेली लिंबाची फोड ही आपल्या लेकीसुनांसाठी कोणत्याही परदेशी बेरीहून मोलाची आहे. ती औषध म्हणून नव्हे, तर जेवणाचा भाग म्हणून.

दोन बाजारांचे दोन न्याय

ग्राहकाचा विवेक पुरेसा नाही; बाजाराची सचोटीही हवी. आंबा लवकर पिकविण्यासाठी पेटीत कॅल्शियम कार्बाइडची पुडी ठेवण्याचा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे घातक अंश येतात. म्हणून त्याच्या वापरास कायद्याने बंदी आहे, आणि २०१६ पासून त्याऐवजी मर्यादित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मुभाही दिली आहे. बंदी आहे, पर्यायही आहे. तरी दर उन्हाळ्यात कार्बाइडच्या आंब्याची धास्ती संपत नाही. गवताच्या अढीला दिवस लागतात आणि पुडीला तास, हे या रोगाचे आर्थिक निदान होय.

द्राक्षांची कथा याहून बोलकी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या संजीवकाचे अंश आढळल्याने महाराष्ट्रातून युरोपास गेलेली द्राक्षे अडचणीत आली आणि बागायतदारांना जबर तोटा सोसावा लागला. त्या आघातानंतर निर्यातीच्या मालाची तपासणी अधिक काटेकोर झाली. निर्यातीसाठी बागेची नोंदणी होते, घडांचे नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि युरोपातील दुकानात पोहोचलेल्या पेटीवरून ती कोणत्या बागेतून निघाली याचा माग काढता येतो. नाशिकचा शेतकरी हे सारे करू शकतो, करतो आणि उत्तम करतो. मग त्याच तालुक्याच्या आठवडा बाजारातील हातगाडीवर जो घड येतो, त्याला अशी जन्मकुंडली का नसावी? अवशेषांच्या कमाल मर्यादा देशी मालासाठीही कायद्याने ठरवून दिलेल्या आहेत. उणीव आहे ती तपासणीची आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे मांडण्याची. परक्या ग्राहकाची नापसंती परकीय चलन बुडविते, म्हणून तिची दखल घेतली जाते. घरच्या ग्राहकाची नापसंती कोणाचेच काही बुडवीत नाही, असे यावर म्हणावेसे वाटते.

येथे एका भ्रमापासून सावध राहणे अगत्याचे आहे. 'सर्वच फळांवर फवारणी होते, मग न खाल्लेलेच बरे', हे उद्गार अलीकडे सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार येतात. हा हिशेब चुकीचा आहे. आहारदोषांमुळे जगात होणाऱ्या मृत्यूंचा जो व्यापक अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फार मीठ आणि अपुरे अखंड धान्य यांच्या जोडीने अपुरी फळे हे प्रमुख कारण ठरले. फळ खाण्यातील धोका खरा आहे. पण फळ न खाण्यातील धोका बहुतेकांच्या बाबतीत त्याहून मोठा आहे. वाहत्या पाण्याखाली चांगले धुतलेले, हंगामातले, सबंध फळ हा व्यवहारातला मध्यममार्ग होय. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारमार्गदर्शनात दिवसाला १०० ग्रॅम फळांची शिफारस केली आहे. एक मध्यम पेरू किंवा एक केळे, एवढाच त्याचा अर्थ. बांधलेल्या पगारावर चालणाऱ्या कारकुनाच्या वा शिक्षकाच्या घरालाही हे अशक्य कोटीतील नाही. अशक्य आहे ते मजुराच्या घराला, आणि खरी कसोटी तेथेच आहे.

महाराष्ट्राने १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी सांगड घालून फळबाग लागवडीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यातून उजाड माळावर बागा उभ्या राहिल्या, ही राज्याला अभिमानास्पद गोष्ट आहे. झाडे लावण्यास सार्वजनिक पैसा मिळाला. त्या झाडांचे फळ गरीब मुलाच्या हातात पडावे, यासाठी मात्र तेवढी तळमळ दिसली नाही. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडी न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला खरा. पण जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा शासकीय निधी थांबविण्यात आला आणि पुढील भार लोकवर्गणीवर सोपविण्यात आला. जे खर्चाच्या यादीत शेवटी येते, ते काटकसरीच्या यादीत प्रथम येते.

जळगावच्या केळीच्या बागा आणि आदिवासी पाड्यावरची शाळा यांच्यातील अंतर फार नाही. अंतर आहे ते धोरणाचे. आठवड्यातून दोन दिवस शाळेत जवळच्या बागेतील हंगामी फळ द्यावे, ते थेट बागायतदारांकडून घ्यावे आणि त्याची तपासणी निर्यातीच्याच कसोटीने करावी. मग शेतकऱ्याला खात्रीचे गिऱ्हाईक मिळेल, मुलाला पोषण मिळेल आणि देशी बाजारालाही शिस्त लागेल. रुग्णालयाच्या दारातील फळांचे ढीग तेव्हाही राहतील. पण त्यांतील एक वाटा शाळेच्या दारात पोहोचला, तर पुढे रुग्णालयाची पायरी चढावी लागणाऱ्यांची संख्या थोडी तरी कमी होईल.